जवसाचं वार्निश

"तोंड उघडा, चंपतराव."

चंपतराव वॉचमननं कॅन्टीनच्या दारातच आ वासला. दत्तोपंतांनी चष्मा कपाळावर चढवून आत डोकावून पाहिलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून वर्ष झालं असं चंपतराव पोरांची शपथ घेऊन सांगत असे, पण पोरांच्या शपथेवर विश्वास ठेवणाऱ्यांतले दत्तोपंत नव्हते. जीभ, हिरड्या, गालांच्या आतल्या बाजू, सगळं बघून झाल्यावर ते मागं सरले.

"ठीक आहे. चूळ भरा आणि बसा."

"काल बी भरली होती न जी."

"काल जेवलात म्हणून आज उपाशी आहात का? भरा."

हिंगण्याच्या एमआयडीसीतला हा कारखाना मिठाईचे खोके छापायचा. खोक्याला शाईचा वास असला तर तो मिठाईला लागतो, आणि संत्रा बर्फी खाताना कुणाला छापखाना आठवू नये म्हणून ही तपासणी असे. खोक्याचा तुकडा आणि साध्या खव्याची बर्फी एका बरणीत झाकण घट्ट लावून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती बर्फी चाखायची. त्यासाठी स्वच्छ तोंडाची माणसं लागत, आणि सगळी पंचाईत इथंच होती. मशीनवरची यच्चयावत माणसं प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत. खोके चिकटवणाऱ्या बाया तंबाखूच्या गुडाखूनं दात घासत. मॅनेजर गुटखा खाई आणि वेलदोडा खातो म्हणून सांगे. हा सगळा गाव तोंडात उकिरडा घेऊन फिरतो, असं दत्तोपंत उघड म्हणत, आणि ज्यांच्यासमोर म्हणत ते गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला करून हसत.

उरले होते चंपतराव आणि कॅन्टीनची कौशल्या. कारखान्याच्या खोक्याला वास आहे की नाही हे या दोन जिभा ठरवत. तिसरी जीभ खुद्द दत्तोपंतांची. ते चहासुद्धा घेत नसत.

शाईखात्याची खोली गेली कित्येक वर्षं दत्तोपंतांच्या ताब्यात होती. नागपुरातच बी.एस्सी. झालेले, भोसल्यांच्या काळात इकडं येऊन स्थिरावलेल्या कारकुनी घराण्यातले. आपल्या घरात चार पिढ्या अक्षर सुंदर आणि जीभ तिखट, असं ते स्वतःच सांगत. जगात त्यांना कुणी फारसं पसंत पडलं नव्हतं. छापणाऱ्यांना रंग कळत नाही, विकणाऱ्यांना छपाई कळत नाही आणि मालकाला यातलं काहीच कळत नाही, हे त्यांचं रोजचं भजन. मालक म्हणजे आता अंकित. त्याच्या वडिलांची कळमन्यात धान्याची आडत होती. त्यांनी छापखाना काढला आणि पोरानं तो पर्यावरणपूरक करायचं मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे आधी व्हिजिटिंग कार्डावर हिरवं पान छापून घेतलं. शाई सापडायची होती, पान आधी आलं, आणि तेही जुन्याच रॉकेलच्या वासाच्या शाईत.

पण यंदा गोष्ट पानावर भागणारी नव्हती. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, पुण्याची एक मिठाईवाली कंपनी, हिनं कळवलं होतं की दिवाळीपासून खोक्याच्या शाईत खनिज तेल चालणार नाही आणि आतून प्लास्टिकचा पापुद्राही चालणार नाही. शाईचं जमलं, सोयाबीनच्या तेलातली मिळाली. अडलं ते पापुद्र्यावर. प्लास्टिक काढलं की बर्फीचं तूप पुठ्ठ्यात उतरे आणि खोका दोन दिवसांत तळलेल्या पापडासारखा दिसे. मग दत्तोपंत कामाला लागले. त्यांनी मक्याची खळ लावून पाहिली, तिला बुरशी आली. मेण लावलं, ते घडीवर तडकलं. गोंदियाहून लाख आणवली, तिनं खोका विटकरी केला. शेवटी कुहीहून, मेहुण्याच्या शेतातल्या जवसाचं तेल आणलं. धानाची कापणी होण्याआधी बांधीत, म्हणजे खाचरातच, जवस फेकतात, उरलेल्या ओलीवर तो येतो, त्याला कुणी पाणी देत नाही की कौतुक करत नाही. ते तेल दत्तोपंतांनी राळ घालून शिजवलं, लवकर वाळावं म्हणून चिमूटभर ड्रायर, म्हणजे धातूचा क्षार, घातला, आणि काचेसारखं वार्निश तयार झालं. त्यानं तूप अडवलं. घडीवर तडकलं नाही, रंग बदलला नाही.

अंकितला वार्निशचं पिंप दाखवलं तेव्हा तो हरखून गेला होता.

"काकाजी, हे तर बाहेरच्या कंपनीवाल्याची छुट्टी करते न. पुण्यावाल्यांनी पास केलं तर आपण याचा प्लँटच टाकू. तुमच्याच नावानं. तुम्ही रिटायर कायले होता, सल्लागार म्हणून बसा न इथं."

महिनाअखेर दत्तोपंत निवृत्त होणार होते. घरी बसायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्या बायकोला, प्रेमलताबाईंना, त्याची त्यांच्याहून जास्त धास्ती होती. घरात नावं ठेवायला त्या एकट्याच होत्या. शिवाय आपल्या नावाचं वार्निश ही गोष्ट दत्तोपंतांच्या डोक्यात बसली होती, आणि त्यांच्या डोक्यात बसलेली गोष्ट सहसा उठत नसे.

तर चंपतराव चूळ भरून आला. कौशल्या पदराला हात पुसत बसली. दत्तोपंतांनी बरणी उघडून दोघांना बर्फीचा एकेक तुकडा दिला.

"वाईट वास येतो का?"

"नाही जी," चंपतराव म्हणाला.

कौशल्या तोंडातला तुकडा घोळवत होती. "वाईट नाही येत. पण थोडा असा..."

"हो की नाही, एवढंच विचारलं. कविता नको."

"नाही मंग," कौशल्या म्हणाली आणि उठून तिच्या पोळ्यांकडं गेली.

दत्तोपंतांनी स्वतः तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. काही नाही. खवा आणि साखर. त्यांनी पास असा शेरा मारला आणि खोके पुण्याला रवाना केले.

आठवड्याभरानं पुण्याहून गार्गी आली. मिठाई कंपनीत पॅकिंगची तपासणी तिच्याकडं होती. पाठीवर सॅक, हातात स्टीलची पाण्याची बाटली, वय दत्तोपंतांच्या नोकरीहून कमी. अंकितनं तिला शाईखात्यात आणलं. दत्तोपंत उठायला गेले आणि मग उठले नाहीत.

"सर, खोका तुपाला उत्तम टिकतोय," ती म्हणाली. "पण वास येतोय."

"कसला?"

"रंगाचा. दारंखिडक्यांना तेलरंग देतात ना, तसा. आमच्याकडे पाचही जणांनी तेच सांगितलं."

"तुमच्या पाच जणांनी सकाळी काय खाल्लं होतं?"

गार्गी हसली नाही आणि रागावलीही नाही. दत्तोपंतांना तिचा हाच गुण सगळ्यात आधी खटकला. त्यांनी कपाटातून खोका काढला, नाकाशी धरला, छाती भरून श्वास घेतला आणि तिच्यापुढं केला.

"घ्या. कुठं आहे वास?"

तिनं खोका नाकाशी नेला आणि लगेच लांब केला. नाटक म्हणावं तर तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. अंकितनं वास घेतला आणि खांदे उडवले.

"मले तर काही नाही येत, मॅडम."

"तुमच्या पॅनेलला विचारू या?" गार्गी म्हणाली.

पॅनेल हा शब्द चंपतराव आणि कौशल्याला लावलेला ऐकून दत्तोपंतांना हसू आलं. कॅन्टीनमध्ये सगळे जमले. जेवणाची सुट्टी होती, त्यामुळं मशीनवरची मंडळीही बाकांवर टेकून मजा बघत होती. गार्गीनं बरणी उघडली आणि कौशल्याला तुकडा दिला. मग दत्तोपंतांनी कधी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

"मावशी, कशासारखा वास येतो?"

कौशल्यानं आधी दत्तोपंतांकडं पाहिलं. मग म्हणाली, "जवसाच्या चटणीवानी."

"म्हणजे वास येतो?"

"येते न. चांगला येते. घरच्यावानी. मले वाटलं सायबानं मुद्दाम घातला."

"मले बी येते," चंपतराव म्हणाला. "पण यायनं इचारलं, वाईट येते का. वाईट कायले म्हणू? माही माय रोज भाकरीसंगं वाढे."

बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. बिघडलेल्या मशीनसाठी कोइम्बतूरचे दोन मेकॅनिक आले होते, कोपऱ्यात डबा खात होते. गार्गीनं त्यांना हिंदीत विनंती करून एकेक तुकडा दिला. पहिल्यानं तुकडा तोंडात टाकला आणि हात धुवायच्या मोरीकडं जाऊन थुंकला. दुसऱ्यानं नुसता हुंगला.

"पेंट," तो म्हणाला. "पेंट, सार."

इथल्या माणसाला जे घरचं वाटत होतं ते बाहेरच्याला थुंकावंसं वाटत होतं, एवढी ती सोपी गोष्ट. दत्तोपंतांच्या डब्यात रोज ती चटणी असे. प्रेमलताबाई ती लसूण घालून कुटत आणि त्यांच्याआधी दत्तोपंतांची आई कुटत असे. ज्या तोंडाच्या शुद्धतेचा त्यांनी आयुष्यभर तोरा मिरवला ते तोंड जवसानं पहिल्यापासूनच भरलेलं होतं. आणि हे त्यांना तेव्हाच कळलं असतं. कौशल्या सांगत होती, यांनी तिला कविता नको म्हणून गप्प बसवलं. दुसऱ्याच्या तोंडातून शहाणपणाचं काही निघू शकतं ही शक्यताच त्यांनी धरली नव्हती.

निघताना गार्गी त्यांच्याजवळ थांबली. "सर, वार्निश खरंच चांगलं आहे. पण वाळताना ते वास सोडतं आणि तो तुपात बसतो. वास पोचतो तिथं बाकीचंही पोचत असणार. राळ, ड्रायर. ते तपासल्याशिवाय मी पास नाही करू शकत."

"मला शिकवू नका," दत्तोपंत म्हणाले. ती बरोबर बोलत होती आणि सौम्यपणे बोलत होती, आणि त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सहन करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

ती गेल्यावर त्यांना वाटलं, आता अंकित हात वर करणार. पण अंकित दार लोटून त्यांच्या पुढ्यात स्टूल ओढून बसला. आडत्याचा पोरगा, मान्य न झालेल्या मालाचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"काकाजी, टेन्शन घेऊन नका राहू. पुण्याले बाहेरचं वार्निश देऊ. तुमचं आपण लोकल मार्केटले खपवू. इतवारी, महाल, कामठी. मिठाईवाले स्वस्त मागून राहिले, वर हिरवं पान बी मिळते त्यायले. आपल्या लोकांले वास समजतच नाही तर प्रॉब्लेम कायचा? उलटं त्यायले घरचं वाटते. तुमचं नाव राहते, तुम्ही राहता. फक्त पासचा शेरा मारून द्या."

"ड्रायरचं काय?"

"चिमूटभर तर आहे. कोणाले मालूम पडते?"

दत्तोपंत उद्या सांगतो म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, हे इथं सांगायलाच हवं. त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी मनातल्या मनात हो म्हणून पाहिलं. ते काही फार कठीण गेलं नाही. ज्यांच्यासाठी खोके जाणार ती माणसं त्यांनी पाहिलेली होती. रस्त्यावर पिचकाऱ्या मारणारी, रांग मोडणारी, छापील वर्तमानपत्रावर तेलकट भजी घेऊन शाई चाटणारी. यांना काय फरक पडणार होता? बस सिग्नलला थांबली तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईनं मांडीवरच्या मुलीला मिठाईच्या खोक्यातून पेढा दिला. पोरीनं पेढा खाल्ला आणि मग खोक्याच्या तळाला चिकटलेलं तूप बोटानं निपटून चाटलं, पुठ्ठा लख्ख होईपर्यंत चाटलं. दत्तोपंत बघत राहिले. घरी येऊन त्यांनी जेवायला नको म्हटलं.

"पास झालं का?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"इथल्यांसाठी झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे इथल्यांना कळत नाही."

"मला कळलं असतं का?"

"नाही."

प्रेमलताबाईंनी त्यांचं ताट झाकलं. मग झाकलेल्या ताटाकडं बघत म्हणाल्या, "मग मला सांगून तरी खाऊ घाला." आणि आत गेल्या.

सकाळी अंकित केबिनमध्ये वाटच बघत होता. दत्तोपंत बसले नाहीत.

"शेरा मी मारलाय," ते म्हणाले. "नापास."

"काकाजी, मजाक नका करू."

"पुण्याच्या माणसाच्या पोटात जाऊ नये ते इथल्याच्या पोटात काहून जावं?"

अंकित खुर्चीत मागं रेलला. आता त्याचा आवाज बदलला होता. "तुम्ही काय बोलून राहिले? जिंदगीभर तर याच लोकांले ढोरं म्हणत आले न तुम्ही? माह्यासमोर म्हटलं, बाबांसमोर म्हटलं."

"म्हटलं. आजही म्हणतो. पण ढोरापुढं वैरण टाकतानासुद्धा माणूस एकदा झाडून बघतो. तू तेवढंही करून नाही राहिला."

"मग सल्लागाराचं विसरा."

"विसरलो."

"आणि ते पिंप उचलून न्या तुमचं. शाईखात्यात मले बाहेरच्या कंपनीचा माल ठेवायचा आहे."

याला दत्तोपंतांनी मान डोलावली. तेल मेहुण्याचं होतं, कष्ट त्यांचे होते, तेव्हा पिंप त्यांचंच होतं. पण घरी नेऊन त्याचं करायचं काय? प्रेमलताबाईंनी त्यात पापड तळले नसते. तो त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि निरोप समारंभ करायचा कुणाच्या मनात नव्हतं. करायचं ठरलं असतं तरी बोलायला कोण उठलं असतं, हा प्रश्नच होता. ते शाईखात्यात गेले, पिंपाचं झाकण काढलं, बादलीत वार्निश ओतलं, जाड केसांचा ब्रश घेतला आणि कॅन्टीनमध्ये आले.

कॅन्टीनची बाकं लाकडी होती. कारखाना सुरू झाला तेव्हा सागाची म्हणून घेतलेली. तेव्हापासून त्यांच्यावर डाळ सांडली होती, खर्रा पुसला गेला होता, नावं कोरली गेली होती. दत्तोपंतांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिलं बाक पॉलिशपेपरनं घासायला घेतलं.

"काय करून राहिले जी?" कौशल्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"दिसत नाही का?"

"दिसून राहिलं. पण जेवणाचा टाइम होते न. लोकं बसतीन कुठं?"

"आज उभ्यानं खा म्हणावं."

लोकांनी खरंच उभ्यानं खाल्लं. शिव्याही दिल्या, दत्तोपंतांना ऐकू जातील अशा बेतानं. दत्तोपंतांनी एका बाकावर वार्निशचा ब्रश दुसऱ्यांदा फिरवला. लाकूड तेल प्यायचं आणि त्याचा आतला तपकिरी रंग वर यायचा. जुनी कोरलेली नावंही त्यात चकचकीत दिसायला लागली. चंपतराव गेटवरून येऊन बघून गेला आणि घरच्या दारासाठी डबाभर मिळेल का म्हणून विचारून गेला. मिळेल, पण आधी दार घासायचं, नुसतं फासायचं नाही, असं त्याला बजावलं गेलं.

दुपारी अंकित बाहेरच्या वार्निश कंपनीच्या माणसाला घेऊन आला. माणूस सूटबूटवाला होता, हातातल्या पुस्तिकेवर मोठं हिरवं पान होतं. अंकितनं चहा सांगितला आणि पाहुण्याला बाकाकडं हात केला.

"ओलं आहे," दत्तोपंत म्हणाले.

"सगळेच?"

"सगळेच."

अंकितनं एकदा बाकांकडं आणि एकदा दत्तोपंतांच्या दुमडलेल्या पँटकडं पाहिलं. बोलायचं त्याच्या मनात पुष्कळ असावं, पण पाहुणा होता. दोघांनी उभ्यानंच चहा घेतला. पाहुण्यानं पहिल्या घोटाबरोबर नाक मुरडलं आणि इंग्रजीत विचारलं की इथं रंगकाम चाललंय का. अंकितनं कप तोंडाला लावला. दत्तोपंतांनी त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा ब्रश बुडवला.

पाच वाजता पिंप आणि बादली दोन्ही रिकामी झाली. शेवटचं बाक झालं होतं. कौशल्या भांडी लावून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिली.

"चांगली झाली जी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मी तुमाले तवाच सांगणार होती. तुम्ही बोलूच नाही देल्लं."

"हो," दत्तोपंत म्हणाले. "नाही दिलं."

एवढं बोलायला त्यांना वेळ लागला, आणि एवढंच त्यांना जमलं. कौशल्यानं त्याहून जास्तीची अपेक्षा केलेली नव्हती. तिनं ओलाव्याला न लागता बाकाच्या कडेवर वाकून पाहिलं.

"हे वाळते कधी?"

"उद्या संध्याकाळपर्यंत. तोवर कुणाला टेकू देऊ नको."

"अन् नाही वाळलं तं? उद्या तुम्ही कुठी आहा इथं."

"वाळायला मी कशाला लागतो?" दत्तोपंत म्हणाले. "त्याला हवा लागते."

त्यांनी ब्रश पुसून खिळ्याला टांगला, पँट खाली सोडली आणि ओल्या बाकांच्या मधून, कुठंही अंग लागू न देता, दाराकडं गेले.